भजनी मंडळ (परभणी जिल्हा)

भजनी मंडळ हा हौसेने आणि भक्तिभावाने एकत्र येऊन अभंग, गवळणी, भारुडे व आरत्या गाणारा गायक-वादकांचा समूह होय. मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यात सार्वजनिक समूहगायनाचे हे रुजलेले रूप आहे. मंडळातील बहुतेक जण शेती, मजुरी किंवा नोकरी सांभाळून गातात. गायन हा त्यांचा व्यवसाय नसतो.

पार्श्वभूमी

गोदावरीकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव मानले जाते. संत नामदेवांच्या घरी राहून घरकाम करताना त्यांनी अभंग रचले, असे परंपरा सांगते. दळणकांडणासारखी रोजची कामे त्यांच्या रचनांत आढळतात. शेगावहून पंढरपूरला जाणारी संत गजानन महाराजांची पालखी परभणी व गंगाखेड या मार्गाने जाते.

गायनपद्धती

मुख्य गायक अभंगाचे चरण म्हणतो व टाळकरी धृपद उचलून धरतात. पेटीवर स्वर ठरतो, तर लय पखवाज व टाळ सांभाळतात. भजनी ठेका ८ मात्रांचा असून गायन सहसा संथ लयीत सुरू होऊन द्रुत लयीत जाते. पाश्चात्य वृंदगानात निरनिराळे स्वरसमूह एकाच वेळी वेगळ्या सुरावटी गातात. भजनात मात्र सर्वांची सुरावट एकच असते. त्यामुळे नवखा माणूसही टाळ हाती घेऊन धृपदात सामील होऊ शकतो आणि श्रोता व गायक यांतील अंतर कमी होते.

प्रसंग

एकादशीचे भजन, कार्तिकातील काकडा, हरिपाठ आणि अखंड हरिनाम सप्ताह हे गायनाचे मुख्य प्रसंग होत. सप्ताहात वीणा खाली न ठेवता पाळीपाळीने रात्रंदिवस पहारा दिला जातो. याशिवाय पुरुषांच्या मंडळांबरोबर महिला भजनी मंडळेही गातात. जनाबाईंच्या रचना त्यांच्या कंठी येतात, तेव्हा स्त्रीने रचलेला अभंग स्त्रियांच्याच सामूहिक आवाजात ऐकू येतो.

जतन

अभंगांचे शब्द छापील गाथांत सुरक्षित असले, तरी अनेक पारंपरिक चाली स्वरलिपीत नोंदलेल्या नसतात. त्या ऐकून शिकल्या जातात. एखादा जाणता गायक शिष्य तयार न करता गेला, तर त्याच्यासोबत काही चालीही लुप्त होतात. म्हणून ध्वनिमुद्रण उपयुक्त असले, तरी चाल खऱ्या अर्थाने टिकते ती मुलांना व तरुणांना टाळकऱ्यांच्या रांगेत स्थान मिळाल्यानेच.