माळवद, पत्रा आणि लॅपटॉपचा ताप

उमरगा तालुक्यात आणि आसपास मिळतील तेवढ्या जुन्या छापील पुस्तिका मी गोळा करतो. जत्रांची माहितीपत्रके, देवस्थानांची माहात्म्ये, सोसायट्यांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका. यातले बरेच कागद असे झाले आहेत की पान उलटताना कोपरा हातात येतो. म्हणून आधी प्रत्येक पानाचा फोटो काढायचा आणि मग तो संगणकाकडून वाचून घ्यायचा, ही माझी पद्धत. वाचायला टेसरॅक्ट नावाचा प्रोग्राम वापरतो. एचपी कंपनीत १९८०च्या दशकात त्याचे काम सुरू झाले, २००५मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला आणि तो मराठी छपाई बऱ्यापैकी वाचतो. लॅपटॉप २०१३चा, एका कार्यालयाने काढून टाकलेला, मी सेकंडहँड घेतलेला.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका तीनशे पानी स्मरणिकेला बसलो तेव्हा सहज प्रत्येक पानाला लागणारा वेळ टिपत गेलो. पहिली वीस-पंचवीस पाने नऊ-नऊ सेकंदांत झाली. मग दहा, बारा आणि शेवटी चौदा सेकंदांवर गाडी स्थिरावली. पाऊण तासाचे काम सव्वा तासाच्या घरात गेले. पंखा मात्र पिठाच्या गिरणीसारखा ओरडत होता. दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या मुलाने हातात घेतला, पाठ चाचपली आणि म्हणाला, "काका, यात आता दम नाही. नवीनच घ्या." नवीन म्हणजे पन्नास हजारांच्या आसपास. तेवढे पैसे घरात होते, पण ते बोअरच्या मोटारीसाठी बाजूला ठेवलेले होते. ते यात घालावेत का, हा प्रश्न घेऊन मी परत आलो.

त्या मुलाचे म्हणणे मला पटत नव्हते, त्याला कारण माझीच वही होती. डिसेंबरातल्या एका कामाची नोंद तिच्यात सापडली. तेव्हाही सुरुवात नऊ सेकंदांनीच होती, पण शेवट अकरावर थांबला होता. यंत्राचा दम संपला असेल तर तो डिसेंबरात कमी आणि मेमध्ये जास्त कसा संपेल? आणि दम संपलेले यंत्र रोज सकाळी पहिली पंचवीस पाने पूर्ण वेगाने कसे वाचेल?

इथे थोडे घराविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा हिशोब घरातूनच निघतो. आमचा भाग ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाचा. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण सास्तूर आणि आमच्या उमरगा-लोहाऱ्याकडची गावेही त्या पहाटे आडवी झाली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर माळवद, अशी जुनी घरे. माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. गळू नये म्हणून लोक त्यावर पुन्हा माती टाकत, म्हणजे वर्षागणिक वजन वाढतच जाई. तेच वजन झोपलेल्या माणसांवर कोसळले. त्यानंतर ज्यांना जमले त्यांनी स्लॅब टाकला आणि बाकीच्यांनी पत्रे. आम्ही पत्रे टाकले. भीतीपोटी केलेली ती निवड चुकीची होती असे मी आजही म्हणणार नाही. पण माळवदाबरोबर घराचा गारवाही गेला. त्या मे महिन्यात दुपारी तीन वाजता माझ्या पत्र्याच्या खोलीत पारा ४१ अंश दाखवत होता. त्याच वेळी गल्लीच्या टोकाला माझ्या चुलतभावाचे एक माळवदाचे घर अजून उभे आहे, तिथे ३४. मी लॅपटॉप उचलून तिथे नेला. तीच स्मरणिका, तीच पाने. चौदाचे तेरा झाले. फार नाही, पण बिघाड कोणत्या दिशेला आहे ते कळले.

आता यंत्राच्या आत काय होते ते पाहू. माझ्या लॅपटॉपमधल्या प्रोसेसरची मर्यादा ३५ वॅटची. म्हणजे तो पूर्ण जोमाने काम करतो तेव्हा ३५ वॅट वीज खातो आणि जवळजवळ सगळी उष्णता म्हणून बाहेर टाकतो. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून एवढी उष्णता निघते. ती ओढून नेली नाही तर काही क्षणांत तो जळेल. म्हणून त्याच्याच पोटात एक पहारेकरी बसवलेला असतो. तापमान शंभर अंशांच्या जवळ आले की तो वेग उतरवतो. वेग उतरला की वीज कमी, वीज कमी की उष्णता कमी. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तापमान दाखवणारा एक फुकटचा प्रोग्राम टाकून पाहिले तर माझा प्रोसेसर मे महिन्यात ९७ वर ठाण मांडून होता. माळवदाच्या घरातही ९७च! आधी मी गोंधळलो. मग उमगले की खोली बदलली तरी हा आकडा बदलत नाही, बदलतो तो वेग. पहारेकरी ९७ला दार लावतो. ४१ अंशांच्या खोलीत दारापर्यंत ५६ अंशांचा फरक मिळतो, ३४च्या खोलीत ६३चा, डिसेंबरातल्या २४च्या खोलीत ७३चा. उष्णता सरकते ती या फरकाच्या जोरावर. जेवढा फरक जास्त तेवढे वॅट बाहेर पडतात आणि तेवढे काम होते.

हवामान माझ्या हातात नव्हते. पण त्या फरकात एका वॅटला किती अंश खर्च होतात, हे यंत्राच्या स्वच्छतेवर अवलंबून असते. प्रोसेसरपासून हवेपर्यंतचा रस्ता असा: आधी प्रोसेसरचा गुळगुळीत माथा, त्यावर थर्मल पेस्टचा पातळ थर, त्यावर तांब्याची पट्टी, तिला जोडलेली चपटी तांब्याची नळी, नळीच्या टोकाला पातळ पत्र्यांची जाळी आणि जाळीतून हवा फुंकणारा पंखा.

यातली नळी मला सगळ्यांत आवडते. ती भरीव तांब्याची असेल असे वाटते, पण ती पोकळ असते. आत हवा काढून टाकलेली आणि थोडेसे पाणी. हवा नसल्याने पाण्याची वाफ शंभर अंशांच्या कितीतरी आधी होते. प्रोसेसरच्या बाजूला वाफ होताना पाणी उष्णता घेते. वाफ नळीतून जाळीकडे धावते, तिथे तिचे पुन्हा पाणी होते आणि उष्णता जाळीला मिळते. मग ते पाणी नळीच्या आतल्या खरबरीत अस्तरातून, पणतीच्या वातीतून तेल चढावे तसे, आपोआप परत येते. तिला ना पंप लागतो ना वीज. अशा नळीचे अमेरिकेतले पेटंट १९४४चे, जनरल मोटर्सच्या गॉगलर यांचे, तेही शीतकपाटासाठी. पण तिला खरे महत्त्व आले ते १९६३मध्ये लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती नव्याने मांडल्यावर, अंतराळातल्या कामांसाठी.

आपल्याकडचा माठही पाण्याच्या वाफेवरच चालतो, पण एक फरक विसरू नये. माठाची वाफ कायमची निघून जाते, म्हणून कोरड्या हवेत माठातले पाणी खोलीपेक्षा गार होते. नळीतली वाफ बंद घरातच फिरते. ती उष्णता फक्त इथून तिथे नेते. त्यामुळे पंखा कितीही जोरात फिरवा, लॅपटॉपखाली कितीही दिव्यांचे स्टँड लावा, प्रोसेसर खोलीच्या तापमानाखाली जाणार नाही. कूलर लावून खोलीच गार केली तर उपयोग होतो, मात्र कूलरच्या तोंडासमोर यंत्र ठेवू नये. तुषारांबरोबर आपल्या बोअरचे क्षारही आत जातात.

मी पहिली चूक केली ती घाईने. पंक्चरच्या दुकानात नेऊन बाहेरच्या झरोक्यातून हवेचा झोत मारला. पंखा किंचाळला आणि तेव्हापासून खडखडू लागला. झोताने पंखा त्याच्या मर्यादेपेक्षा जोरात फिरतो, त्याचा घोडा जातो. शिवाय कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असते. सुट्टा पंखा मागवायला साडेचारशे रुपये गेले. त्या निमित्ताने तरी यंत्र उघडावे लागले. उघडल्यावर दिसले की जाळी आणि पंखा यांच्या मध्ये, जिथे बाहेरून नजर पोचत नाही नेमके तिथे, एक करडी घोंगडी बसली होती. कापडाचे तंतू, काळ्या मातीची धूळ आणि सोयाबीनचा भुसा. दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे गल्लोगल्ली मळणीयंत्रे चालतात, महिनाभर भुसा हवेत असतो. चिमट्याने धरून ती घोंगडी अखंड निघाली. बाहेरून फुंकले असते तर ती उलट पंख्यावर येऊन बसली असती. पंखा स्वच्छ करताना पाते खराट्याच्या काडीने अडवून धरावे, हे तेव्हा शिकलो.

जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. पेस्टचे काम लोकांना उलटे वाटते. ती उष्णता तांब्यासारखी वाहून नेत नाही, तांब्याच्या मानाने ती कितीतरी मंद. पण दोन गुळगुळीत दिसणाऱ्या धातूंमध्ये सूक्ष्म खाचखळगे राहतात आणि त्यांत हवा असते. हवा पेस्टच्या शंभरपटीहूनही मंद. हवेची जागा घेण्यापुरती पेस्ट हवी. म्हणून ती तांदळाच्या दाण्याएवढीच लावायची. जास्त लावली तर तीच पांघरूण होते. टूथपेस्ट लावणारेही मी पाहिले आहेत. चार दिवस फरक पडतो, मग ती वाळते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, नवी लावून, पट्टीचे चार स्क्रू चाकाचे नट आवळतात तसे कोपऱ्यामागे समोरचा कोपरा घेत थोडे थोडे आवळले.

एवढ्यावर थांबायला हवे होते. पण बाजूच्या छोट्या ग्राफिक्स चिपवर कंपनीने पेस्टऐवजी रबरासारखी मऊ गादी ठेवली होती. मला वाटले, रबरापेक्षा तांबे शंभरपट चांगले. भंगारातून तांब्याचा पत्रा आणला, कापला, घासला आणि गादीच्या जागी बसवला. यंत्र सुरू केले तर काही काम नसताना तापमान ९५ आणि तीन मिनिटांत यंत्र बंद. पत्रा गादीपेक्षा केसभर जाड होता. मऊ गादी दबते, तांबे दबत नाही. एका बाजूने पट्टी उचलली गेली आणि मुख्य प्रोसेसरवर ती टेकलीच नव्हती. त्या गादीचा मऊपणा हीच तिची हुशारी होती. मुकाट्याने नवी गादी आणून लावली.

एक बदल मात्र टिकला. तळाच्या झाकणात पंख्याच्या बरोबर खाली भोके थोडी होती, तिथे रुपयाएवढे मोठे भोक पाडून त्याला खिडकीच्या मच्छरजाळीचा तुकडा चिकटवला आणि मागच्या बाजूला दोन रबरी बूच लावून यंत्र बोटभर उचलले. हे करताना जपावे. हवा आळशी असते, जवळचा रस्ता मिळाला की लांबचा सोडते. भलत्या ठिकाणी भोक पाडले तर जी हवा मेमरीवरून आणि डिस्कवरून येत होती ती तिकडे फिरकतच नाही आणि प्रोसेसर गार, डिस्क गरम अशी स्थिती होते.

पुढच्या मे महिन्यात, त्याच ४१ अंशांच्या खोलीत, तीच स्मरणिका पुन्हा चालवली. प्रोसेसर ८४-८५ वर राहिला. पहिले पान नऊ सेकंद, तीनशेवे पानही नऊ सेकंद. मग विंडोजच्या पॉवरच्या खात्यात जाऊन प्रोसेसरची कमाल मर्यादा १००ऐवजी ९९ टक्के केली. या एका टक्क्याने टर्बो, म्हणजे नेहमीच्या वेगाच्या वर मारलेली धाव, बंद होते. पानाला अकरा सेकंद लागू लागले, तापमान सत्तरच्या आत आले आणि पंखा गप्प झाला. उन्हाळ्यात मी आता असेच चालवतो. एकूण खर्च पंखा, पेस्ट, गादी धरून हजारभर रुपये. बोअरची मोटार जूनमध्ये बसली.

म्हणून प्रत्येक जुना लॅपटॉप उघडावा असे नाही. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर गारव्याचा विचार नंतर, आधी ती बॅटरी काढावी, तीही जाणकाराकडून. फाइल उघडायलाच मिनिट लागत असेल तर दोष बहुधा फिरत्या डिस्कचा आणि एसएसडी बसवल्यावर तो जातो. सुरुवातीला वेगवान आणि मग मंद, हिवाळ्यात बरा आणि उन्हाळ्यात वाईट, अशी लक्षणे असतील तरच पेस्टची ट्यूब आणावी.

एक अडचण मात्र कोणत्याही पेस्टने सुटत नव्हती. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा पाठिंबा थांबवला आणि विंडोज ११साठी इंटेलची साधारण आठव्या पिढीची किंवा पुढची चिप मागितली. माझी तिसऱ्या पिढीची. म्हणजे मे महिन्यातही पूर्ण दमाने चालणारे यंत्र एका तारखेला कागदोपत्री म्हातारे झाले. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आहे, पण असली म्हातारपणे त्यात कुठे बसतात ते मला दिसले नाही. मी लिनक्स मिंट बसवले. दोन आठवडे कुरकुर झाली, मराठी कीबोर्ड जुळवायला एक रविवार गेला. टेसरॅक्ट तिथेही तसाच चालतो.

या वर्षी सोयाबीनच्या राशी संपल्यावर पुन्हा झाकण काढले. जाळीवर घोंगडी नव्हती, पातळ साय होती. ती ब्रशने गेली. आता स्मरणिका संपल्या आहेत आणि पुढचा गठ्ठा मोडी कागदांचा आहे. टेसरॅक्टला मोडी येत नाही. ते मी डोळ्यांनीच वाचतो, दिवसाला दोन-तीन पाने, चुलतभावाच्या माळवदाखाली बसून.