जुनी आलिशान वॅगन घेताना

प्रशस्त डिकीची आलिशान वॅगन जुनी घेतल्यास स्वस्त पडते. परंतु दुरुस्तीचा खर्च नव्या गाडीच्याच दराने येतो. २०१८ मध्ये भारतात आलेल्या मर्सिडीज ई-क्लास ऑल-टेरेनचा भार हवेच्या सस्पेन्शनवर असतो. गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी चारही चाकांवरील उंची मोजावी. एखादा कोपरा खचला असेल, तर बहुधा तेथील हवेची पिशवी गळत असते; ती भरता भरता कॉम्प्रेसरही निकामी होतो. इंजिन थंड असतानाच सुरू करून आवाज ऐकावा. गिअर बदलताना हिसका बसू नये. केवळ शहरात, जवळच्या फेऱ्यांसाठी वापरलेल्या डिझेल गाडीचा फिल्टर काजळीने तुंबतो. तारण पारखूनच कर्ज द्यावे, तद्वत मेकॅनिकचा लेखी अहवाल पाहूनच बयाणा द्यावा.