कॅलेंडरच्या चौकोनातली झोप

१०.६ टक्के आणि ८५ टक्के. पहिला आकडा आजाराचा आहे, दुसरा उपचार न मिळाल्याचा. बंगळुरूच्या निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत घरोघरी जाऊन राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्या वेळी १०.६ टक्के प्रौढांना निदान करता येईल असा कुठला ना कुठला मानसिक आजार होता. म्हणजे ऑफिसच्या डब्याला दहाजण बसत असतील, तर त्यांतला एक. आणि नैराश्य, चिंता यांसारखे जे नेहमी आढळणारे आजार आहेत, ते झालेल्या शंभरातले ८५ जण उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते.

त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. गुजरात होता, मध्य प्रदेश होता, छत्तीसगडही होता. पाहणी आपल्या कुंपणाला हात लावून गेली. तेव्हा 'महाराष्ट्रात अमुक टक्के' असं कुणी त्या पाहणीच्या नावावर सांगू लागलं, तर त्याला तिथंच थांबवा.

सकाळी बागेत फेऱ्या मारणाऱ्या मंडळींच्या कट्ट्यावर कान द्या. 'माझी फास्टिंग ११८ आली', 'वरचं १४०, खालचं ९०', 'एचबीए१सी साताच्या आत आणलं'. साखर आणि रक्तदाब आपण आकड्यांत बोलतो, चारचौघांत बोलतो, थोडं मिरवतोही. मनाचं काही बिनसलं की मात्र सगळ्याला मिळून एकच शब्द: टेन्शन. मुलाच्या दहावीचंही टेन्शन, गृहकर्जाच्या हप्त्याचंही, आणि तीन आठवडे पहाटे साडेतीनला जाग येऊन पुढं छताकडे बघत पडावं लागतं, तेही टेन्शनच. पहिली दोन टेन्शनं बहुधा निकाल लागला, हप्ता गेला की उतरतात. तिसऱ्याचं तसं नसतं.

मनालाही आकडा लावता येतो, आणि त्यासाठी सुई टोचावी लागत नाही. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी जगभरातले डॉक्टर वापरतात. कशातच रस वाटत नाही, उदास वाटतं, झोप बिघडली आहे, अंगात त्राण नाही, भूक मेली किंवा वाढली, आपण कुचकामी आहोत असं वाटतं, लक्ष लागत नाही, हालचाल मंदावली किंवा उगाच तगमग होते, आणि जगू नये असे विचार येतात. असे हे नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत यांतलं काय किती दिवस झालं, एवढंच सांगायचं. अजिबात नाही तर ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज जास्तीत जास्त २७. पाचाच्या आत असेल तर फारशी काळजी नको. १० किंवा वर गेली तर डॉक्टरांशी बोलायला हवं. २० किंवा पुढं गेली तर त्रास तीव्र आहे. नवव्या प्रश्नाला शून्य सोडून दुसरं काहीही उत्तर आलं, तर बेरीज करत बसायचं नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची. ही यादी म्हणजे निदान नव्हे. तापमापीवर १०१ दिसलं म्हणजे मलेरिया की फ्लू हे कळत नाही, पण ताप आहे हे कळतं, तसं हे आहे.

या यादीतली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे ते दोन आठवडे. एक वाईट मंगळवार धरायचा नाही, एक छान रविवारही धरायचा नाही.

जीवनशैली हा शब्द मला खटकतो. त्यात असं गृहीत धरलंय की माणसानं ती शर्टासारखी निवडली आहे. बदलापूरहून दक्षिण मुंबईत नोकरीला जाणाऱ्या माणसाचा दिवस मांडून बघा. सकाळी सातला घर सोडलं, रात्री आठला परत आला. १३ तास गेले. उरले ११. सात तास झोप धरली तर हातात ४ तास, म्हणजे २४० मिनिटं. त्यात आंघोळ, जेवण, मुलांचा अभ्यास, भाजी, लाइटबिल, आईच्या गोळ्या. आणि हा माणूस बाई असेल तर? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया बिनपगारी घरकामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देत होत्या, आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. या सरासरीत नोकरी न करणाऱ्या स्त्रियाही आहेत, हे लक्षात ठेवूनच वाचा. तरी २४० मध्ये २८९ बसत नाहीत. वरची ४९ मिनिटं कुठून तरी काढावी लागतात, आणि कापायला सगळ्यात सोपी असते ती झोप.

याच पाहणीची एक गंमत. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांनीही आपली नऊ मिनिटं वाचवून घेतली.

कामाच्या तासांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०२१ मध्ये मांडलं: आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त. नोकरीतल्या बर्नआउटला आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजार म्हटलेलं नाही, तर कामाच्या जागेशी जोडलेली अवस्था म्हटलं आहे. हा फरक मोलाचा आहे. साहेबानं माणसांची संख्या निम्मी केली आणि काम तेवढंच ठेवलं, तर उरलेल्यांना ध्यानाचं अॅप वाटून ती अवस्था जात नाही.

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मला झोप लागेनाशी झाली. छातीत धडधड व्हायची, म्हणून आधी ईसीजी झाला, मग थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन. हा क्रम बरोबरच आहे. छातीत दुखलं तर 'पॅनिक असेल' म्हणून घरी बसू नये. आणि थकव्याचं कारण दर वेळी मनातच असतं असं नाही; २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. डॉक्टर म्हणाले, गोळीचं नंतर बघू, आधी दोन आठवडे लिहून आणा.

लिहायला वही सापडेना. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आमचा दुधाचा हिशेब असतो. दर चौकोनात पेन्सिलीनं 'दीड', 'दीड', पाहुणे आले की 'दोन'. त्याच चौकोनांत मी खाली लिहायला लागलो: कधी आडवा झालो, अंदाजे कधी झोप लागली, मधे किती जागा होतो, कधी उठलो. महिनाअखेरीला दूधवाल्यानं एका चौकोनातल्या 'साडेपाच'वर बोट ठेवून विचारलं, 'एवढं दूध कधी नेलंत, साहेब?'

चौदा चौकोन भरल्यावर सरासरी काढली. अंथरुणात साडेसात तास, म्हणजे ४५० मिनिटं. प्रत्यक्ष झोप ३१५ मिनिटं. सत्तर टक्के. डॉक्टरांच्या हिशेबानं हा आकडा ८५ च्या वर हवा. त्यांचा उपाय ऐकून मी चाटच पडलो. झोप येत नाही म्हणून लवकर आडवं व्हायचं नाही, उलट उशिरा. रात्री साडेबाराच्या आधी अंथरूण बंद. उठायचं मात्र रोज साडेसहाला, रविवारीसुद्धा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. पहिला आठवडा भयंकर गेला. दुपारी फायलीवर डोकं टेकायची वेळ यायची. तिसऱ्या आठवड्यात ३६० मिनिटांतली ३३० झोपेत जाऊ लागली, ९२ टक्के. मग दर आठवड्याला पंधरा मिनिटं अलीकडे सरकलो. ही पद्धत घरगुती नुस्खा नव्हे. निद्रानाशावरच्या वर्तनोपचाराचा तो भाग आहे, आणि अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच उपचार सुचवला. फिट येणाऱ्यांनी, बायपोलर आजार असलेल्यांनी किंवा रात्री गाडी चालवणाऱ्यांनी मात्र हा प्रयोग स्वतःच्या मनानं करू नये.

चहा-कॉफीचंही तेव्हाच कळलं. रक्तातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच-सहा तास लागतात. २०१३ च्या एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तर झोप एक तासाहून जास्त घटली. आणि 'झोपेसाठी एक पेग'? डोळा लवकर लागतो, पहाटेची झोप मोडते. याबद्दल जास्त लिहायचं कारण नाही, घेणाऱ्यांना ते ठाऊक असतं.

चालण्याचे आकडे जरा सुखद आहेत. २०२२ मध्ये १५ अभ्यास आणि १,९१,००० हून जास्त माणसांची माहिती एकत्र केली गेली. आठवड्याला अडीच तास भरभर चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांत नैराश्याचा धोका काहीच न करणाऱ्यांपेक्षा २५ टक्के कमी दिसला; त्याच्या निम्मा व्यायाम करणाऱ्यांत १८ टक्के. म्हणजे शून्यावरून निम्म्यावर येण्यातच बहुतेक फायदा पदरात पडतो. दहा हजार पावलांचा नाद सोडा. ७५ मिनिटं भागिले सात, रोजची अकरा मिनिटंही होत नाहीत. स्टेशनपर्यंत रिक्षा न करणं पुरे.

फोनबद्दल थोडक्यात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ मध्ये १४३ विद्यार्थ्यांचा प्रयोग झाला. ज्यांनी तीन आठवडे दर समाजमाध्यमाला दिवसाला फक्त दहा मिनिटं दिली, त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली. फोन पूर्ण बंद करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पण ज्याची पीएचक्यू-९ ची बेरीज पंधरावर गेली आहे, त्याला 'चालायला जा' म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळायला सांगणं. इथं गोव्याचं उदाहरण घ्यावंसं वाटतं. 'संगथ' या संस्थेनं तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली, २०१७ मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पीएचक्यू-९ वर पंधरा किंवा जास्त गुण असलेले ४९५ रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला सहा ते आठ भेटी. भेटणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. स्थानिक सर्वसाधारण माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं होतं. ते लहानपणात शिरत नव्हते. या आठवड्यात काय करता, काय करायचं सोडलंत, त्यातलं एखादं छोटं पुन्हा कधी, किती वाजता, कुणाबरोबर कराल, हे ठरवायचे. पुढच्या भेटीत झालं का ते विचारायचे. 'मूड आला की करू' हे त्यांनी उलटं केलं: आधी करू, मग मूड येईल. तीन महिन्यांनी अशा भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्क्यांचे गुण दहाच्या खाली आले होते. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्क्यांचे.

आपल्याकडे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' या उपक्रमात असंच काहीसं झालं. गावातल्याच कार्यकर्त्यांनी हा विषय घरोघरी बोलता केला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, उपक्रमानंतर २७.२ टक्के झाले. सहापट म्हणून खूश व्हायचं, की अजून ७३ टक्के बाहेरच आहेत म्हणून हळहळायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी खूश होतो.

कारण तज्ज्ञांच्या वाटेनं गेलं तर हिशेब जुळतच नाही. देशात लाख लोकांमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत, हवेत किमान तीन. लाखाला पाऊण माणूस! जिल्ह्याच्या गावाला त्यांची तारीख मिळणं, एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, हे सगळं त्या ८५ टक्क्यांत मिसळलेलं आहे. नुसती 'लोक काय म्हणतील'ची भीती नव्हे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. त्याआधी फोन आहे: १४४१६. टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. नवव्या प्रश्नाशी अडखळलेल्या माणसाला तर हा नंबर आपणच लावून द्यावा, आणि त्याला एकटं सोडू नये.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच, तर आणखी एक आकडा: नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून सोडणारे पुष्कळ, आणि बरं वाटताच एकदम बंद करणारे त्याहून जास्त भेटतात. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायच्या नाहीत.

कॅलेंडरवरचं लिहिणं मी दोन महिन्यांनी थांबवलं. तेव्हा बायको म्हणाली, 'आता माझं लिहा.' तिची झोप लागण्याची वेळ रोज वेगळी यायची, कधी अकरा, कधी पाऊण. उठायची वेळ मात्र सलग तेवीस चौकोनांत एकच होती: ५.१०. रविवार, गुरुवार, सणवार सगळं सारखं. ते तेवीस आकडे एका ओळीत बघेपर्यंत मला ते माहीत नव्हतं, असं म्हणण्याची सोय नाही. मी त्याच घरात राहतो. चोविसाव्या चौकोनात ६.४० लिहिलं आहे. त्या सकाळी चहा मी केला होता. साखर जास्त पडली, हेही तिनं त्याच चौकोनात लिहून ठेवलंय.