एक चाल, अनेक पट्ट्या

चाल एकच असली, तरी प्रत्येक वादकासमोरचा कागद वेगळा असतो. पांढरी एकचा सूर ऐकू यायचा, तर बी फ्लॅट क्लॅरिनेटसाठी पांढरी दोन लिहावी लागते, आल्टो सॅक्सोफोनसाठी पांढरी सहा; व्हायोलाचा क्लेफच निराळा. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस या गोमंतकीय अरेंजरांच्या काळी हे सारे हाताने लिहिले जाई. आज नवी मुंबईतल्या घरी बसूनही म्यूझस्कोअरसारखे मोफत सॉफ्टवेअर एकाच स्कोअरमधून प्रत्येक वाद्याचा कागद पट्टी बदलून काढून देते आणि आवाक्याबाहेरचे सूर रंगाने दाखवते. दरबारीतला गंधार किती आंदोलित ठेवायचा, हे मात्र अरेंजरनेच वादकाला गाऊन सांगायचे.

खरा प्रश्न जपणुकीचा आहे. १९८८पासून चाललेल्या ‘फिनाले’चा विकास २०२४मध्ये थांबवण्यात आला. त्याच्या मूळ फाइली इतर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सरळ उघडत नाहीत. म्हणून काम संपताच दोन प्रती काढाव्यात: वाचण्यासाठी पीडीएफ आणि पुढे कुणालाही बदल करता यावेत म्हणून म्यूझिकएक्सएमएल. हाताने लिहिलेल्या कागदांना वाळवी लागली. फाइलींचे तसे होऊ नये.