रोजचं विज्ञान : रात्री चूर्ण, सकाळी कॉफी

नागपुरात रात्री कोमट पाण्यासोबत चूर्ण घेणारे पुष्कळ. सकाळी कॉफीचे दोन घोट पोटात गेले, की लगेच हालचाल सुरू. श्रेय कुणाचं?

दोघांचंही. चूर्णातल्या सोनामुखीतली द्रव्यं न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतात. तिथले जिवाणू त्यांना कामाला लावतात, म्हणून परिणामाला ६ ते १२ तास लागतात. कॉफी मात्र जठरातूनच निरोप धाडते, दारावरची घंटा वाजवावी तशी. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात काहींचं आतडं ४ मिनिटांत आकुंचन पावू लागलं. कॅफीन काढलेल्या कॉफीनंसुद्धा!

दोन्ही रेटे एकदम आले, तर मुरडा येऊ शकतो. इसबगोल वेगळं: ते पाणी शोषून फुगतं. त्याला ग्लासभर पाणीच हवं, विदर्भाच्या उन्हाळ्यात तर हवंच. सोनामुखी रोज, महिनोन्‌महिने घेणं मला धोक्याचं वाटतं. जुलाबांतून पोटॅशियम निघून जातं.