पट्टी गुणकारी, पण कोणत्या मापाने?

भारतात दर हजार लोकांमागे ४.५ जणांना दीर्घकाळ न भरणारी जखम असते, असा दर व्ही. के. शुक्ला आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात नोंदलेला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार कोलकाता शहराची लोकसंख्या ४४ लाख ९६ हजार होती. तिला हाच दर लावला, तर त्या एका शहरात सुमारे २० हजार माणसे अशी जखम घेऊन जगत असणार. कुणाचा पाय मधुमेहाने चिघळलेला, कुणाच्या पाठीला अंथरुणाला खिळून व्रण पडलेले, कुणाच्या घोट्यापाशी शिरांच्या विकारामुळे महिनोन्‌महिने वाहणारी जखम. त्यांच्यासाठी बाजारात साध्या गॉजपासून चांदीयुक्त, फोमच्या, कोलॅजेनच्या आणि मधाच्या ड्रेसिंगपर्यंत सगळे काही आहे. यातले चांगले कोणते, हे ठरवण्याआधी ‘चांगले’ म्हणजे काय मोजले, हे विचारायला हवे.

सोलापूरचे तीन आकडे

या प्रश्नावरचे भारतातले एक गाजलेले काम सोलापूरचे आहे. तिथल्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास मांडला. ५२ जणांना मधात भिजवलेली गॉज, तर ५२ जणांना सिल्व्हर सल्फाडायझिन हे प्रचलित मलम लावलेली गॉज. निष्कर्ष तीन मापांत होते.

पहिले माप जंतूंचे. ७ दिवसांत मधाच्या गटातील ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटातील ७ टक्के. दुसरे मांसांकुरांचे. जखमेच्या तळाशी निरोगी लालसर मांस धरायला मधाच्या गटात सरासरी ७.४ दिवस लागले, दुसऱ्या गटात १३.४. तिसरे माप जखम भरण्याचे. १५ दिवसांत ८७ टक्के विरुद्ध १० टक्के.

तिन्ही मापे मधाच्या बाजूने आहेत, पण त्यांचे वजन सारखे नाही. जंतू गेले म्हणजे जखम भरली असे नसते. मांसांकुर हा वाटेतला टप्पा. रुग्णाला हवी असते ती पूर्ण बुजलेली जखम, म्हणून तिसरा आकडा सर्वांत मोलाचा. त्यातही १५ दिवसांची रेषा लक्षात ठेवावी लागते. वरवर भाजलेली त्वचा बहुधा २ ते ३ आठवड्यांत आपोआप भरून येते. त्यामुळे रेषा कोणत्या दिवशी ओढली, यावर दोन गटांतला फरक लहान किंवा मोठा दिसू शकतो.

२०१५ च्या कोक्रेन आढाव्याने मधाच्या २६ चाचण्या आणि ३,०११ रुग्ण एकत्र तपासले. अंशतः जाडीच्या भाजण्यात मध पारंपरिक ड्रेसिंगपेक्षा सरासरी ४.६८ दिवस लवकर जखम भरून आणतो, असा भक्कम पुरावा त्यात मिळाला. मात्र सिल्व्हर सल्फाडायझिनशी तुलना करणारा पुरावा अत्यंत कच्चा ठरला. एकाच रुग्णालयातला मोठा फरक इतरत्र पुन्हा दिसतो का, हे पाहावेच लागते.

पट्टी नसती तर?

गुंतागुंतीच्या जखमांचे गणित आणखी अवघड आहे. न्यूझीलंडमध्ये पायावरच्या शिराजन्य व्रणांच्या ३६८ रुग्णांवर झालेली चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. १२ आठवड्यांत मधाच्या गटातील ५५.६ टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या. हा आकडा एकटा वाचला तर औषध जबरदस्त वाटेल. पण नेहमीचे ड्रेसिंग लावलेल्या गटातही ४९.७ टक्के भरल्या होत्या. दोन्ही गटांना दाबपट्टी बांधलेली होती आणि मुख्य काम तिचेच होते. उरलेला ५.९ टक्क्यांचा फरक योगायोगानेही पडू शकतो, असे संख्याशास्त्रीय कसोटीने दाखवले.

मधुमेही पायाच्या जखमांबाबत मार्गोलिस आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली अनेक चाचण्यांतील तुलना-गट एकत्र केले. चांगली नेहमीची शुश्रूषा मिळाली, तर १२ आठवड्यांत सुमारे २४ टक्के जखमा भरतात, असे दिसले. नव्या ड्रेसिंगच्या जाहिरातीत तुलना-गट नसेल, तर यशातले किती श्रेय ड्रेसिंगचे आणि किती शुश्रूषेचे, हे कळायला मार्ग नाही.

नीट मोजले तर खरा गुणही सापडतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एक्सप्लोरर’ चाचणीत युरोपातील २४० मधुमेही रुग्णांना दिसायला अगदी सारखी दोन ड्रेसिंग दिली गेली. सुक्रोज ऑक्टासल्फेट हा घटक त्यांपैकी एकातच होता. कुणाला कोणते मिळाले, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. २० आठवड्यांत ४८ टक्के विरुद्ध ३० टक्के जखमा भरल्या. म्हणजे साधारण सहा रुग्णांना ते ड्रेसिंग दिले, की एक जखम जास्तीची भरते.

फूटपट्टी फसवते

लांबी गुणिले रुंदी ही वॉर्डातली सर्रास रीत. ६ बाय ४ सेंटिमीटरची जखम २४ चौरस सेंटिमीटर लिहिली जाते. जखम लंबगोल असेल, तर खरे क्षेत्रफळ १८.८ भरते. नोंद २७ टक्क्यांनी फुगलेली.

टक्केवारीही फसवते. समजा, दोन गोल जखमा आहेत, एकीची त्रिज्या २ सेंटिमीटर, दुसरीची ५. दोन्हींत नवी त्वचा कडेने १ सेंटिमीटर आत सरकली. पहिलीचे क्षेत्रफळ ७५ टक्क्यांनी घटले, दुसरीचे ३६ टक्क्यांनी. भरण्याचा वेग तोच, अहवाल मात्र वेगळे. एखाद्या चाचणीत एका गटाकडे लहान जखमा जास्त गेल्या, तर त्याचे ड्रेसिंग फुकटात जिंकते. म्हणून सुरुवातीचा आकार जुळवून घ्यावा लागतो, किंवा कड किती सरकली हे मोजावे लागते.

कडेचा हा घोटाळा आपल्या संख्याशास्त्रज्ञांनी शेतात ओळखला होता. पीककापणीच्या प्रयोगात फार लहान तुकडे घेतले, तर कडेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगते, याकडे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी १९४६ साली ‘नेचर’मध्ये लक्ष वेधले. कोलकात्यात १९३१ साली इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्थापन करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमधील पिकांच्या पाहणीत एकाच भागाचे स्वतंत्र नमुने वेगवेगळ्या पथकांकडे देत. पथकांचे आकडे फारच वेगळे आले, तर चूक मोजणाऱ्यात आहे हे उघड होई. जखमेलाही हाच नियम हवा. पारदर्शक कागदावर कड गिरवावी, चौकोन मोजावेत आणि अधूनमधून दुसऱ्या परिचारिकेने पहिलीचा आकडा न पाहता मोजावे. याला महागडे यंत्र लागत नाही.

चौथ्या आठवड्याचा प्रश्न

२००३ साली शीहान आणि सहकाऱ्यांनी मधुमेही पायाच्या २०३ रुग्णांचा अभ्यास मांडला. चार आठवड्यांत ज्यांच्या जखमेचे क्षेत्रफळ ५३ टक्क्यांहून अधिक घटले, त्यांपैकी ५८ टक्के १२ आठवड्यांत पूर्ण बरे झाले. ज्यांचे त्याहून कमी घटले, त्यांच्यापैकी फक्त ९ टक्के.

ज्यांच्या घरात अशी जखम आहे, त्यांनी पहिल्याच दिवशी तिचे क्षेत्रफळ तारखेसह केसपेपरवर लिहून घ्यावे आणि दर आठवड्याला त्याच पद्धतीने पुन्हा मोजून घ्यावे. चार आठवड्यांत ती निम्मी झाली नसेल, तर नुसते ड्रेसिंग बदलून वेळ काढू नये. पायाचा रक्तपुरवठा, खोलवरचा जंतुसंसर्ग, रक्तातील साखर आणि जखमेवर पडणारा भार, या चारही गोष्टी डॉक्टरांकडून नव्याने तपासून घ्याव्यात.