ट्रेलर मागे घेण्याचे उलटे गणित

अमेरिकेत सहलीला निघालेली अनेक कुटुंबे आपले घरच मोटारीमागे ओढून नेतात. ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाकांवरच्या घरात ओटा, बिछाने, न्हाणीघर असे सारे असते. शेकडो मैलांचा महामार्ग सहज कापला जातो. कसोटी लागते ती शेवटच्या पन्नास फुटांत. झाडांच्या बुंध्यांमधील चिंचोळ्या जागेत सुमारे आठ फूट रुंदीचा ट्रेलर उलटा शिरवायचा असतो. कॅलिफोर्नियातील योसेमिटी उद्यानाच्या ‘अपर पाइन्स’ तळावर तर २४ फुटांहून लांब ट्रेलरला मज्जावच आहे.

मागे जाताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवले की मोटारीचा मागचा भाग उजवीकडे सरकतो. त्याबरोबर जोडकडी उजवीकडे ढकलली जाते आणि ट्रेलर स्वतःच्या चाकांवर फिरून त्याचे शेपूट डावीकडे वळते. उसाची ट्रॉली मागे घेणाऱ्या आपल्याकडील ट्रॅक्टरचालकांच्या हे अंगवळणी पडलेले असते. नवख्यांना एक युक्ती शिकवली जाते: हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा. मग हात जिकडे, ट्रेलर तिकडे.

ट्रेलर वळू लागताच स्टिअरिंग उलट फिरवून मोटार त्याच्या मागोमाग न्यावी लागते. तसे न केल्यास कोन वाढत जातो आणि चाकू मिटावा तशी दोन्ही वाहने एकमेकांवर मिटून पत्रा चेपतो. कोन हाताबाहेर गेला की मागे जाऊन तो सुधारत नाही; काही फूट पुढे जाऊन सरळ होणे हाच उपाय. यात कमीपणा कसला? गंमत म्हणजे आखूड ट्रेलर अधिक अवखळ असतो, लांब ट्रेलर सावकाश वळतो.

अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. त्यामुळे शक्यतो डाव्या हाताची जागा निवडावी. उजवीकडे वळताना ट्रेलरच आरशातले दृश्य झाकतो. मागे उभ्या साथीदाराने बुंध्यांबरोबरच वरच्या फांद्यांवरही नजर ठेवायची असते. तो आरशात दिसेनासा झाला की त्या क्षणी ब्रेक दाबायचा, कारण तळावर लहान मुले सायकली घेऊन हिंडत असतात आणि ट्रेलरच्या थेट मागचे चालकाला काहीही दिसत नाही. शंका आली तर उतरून पाहावे. मागे रांग लागली तरी लागू द्यावी.

ट्रेलर जागेवर आला की आधी त्याच्या चाकांना ठोकळे लावायचे, जोडकडी त्यानंतरच सोडायची.